पाहुणा, व्याही आणि सर्प

पावसाच्या देवाने अजस्र सर्पाला मारलं, ही गोष्ट इंद्र-वृत्रामुळे आपल्याला परकी नाही. म्हणूनच हिटाइट लोकांचा वादळदेव आणि इल्लुयांका सर्प यांची कथा कानावर पडली, की आपण ती चटकन ओळखीच्या साच्यात बसवतो: अराजक हरलं, सुव्यवस्था जिंकली. माझं म्हणणं असं, की ही कथा त्या साच्यात मावत नाही. तिच्यातला देव आधी सपाटून हरतो. पुढे जिंकतो तो सर्पाने ज्या नात्यावर विश्वास ठेवला ते नातं मोडून, आणि त्या मोडण्याची किंमत माणूस मोजतो.

तुर्कस्तानात आजच्या बोअझकालेजवळ हिटाइटांची राजधानी हट्टुशा होती. तिथे १९०६ पासूनच्या उत्खननात कीलाकार लिपीतल्या हजारो मृत्तिकापाट्या निघाल्या आणि १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनीने त्यांच्या भाषेचा उलगडा केला. त्या पाट्यांमधली ही कथा नेरिक नगरीच्या वादळदेवाचा पुजारी केल्ला सांगतो, पुरुल्ली या वसंतोत्सवाच्या निमित्ताने, आणि एकदा नव्हे, दोन प्रकारे. पहिल्या कथेत हरलेला देव इतर देवांना साद घालतो. इनारा देवी मेजवानी मांडते, मद्याचे रांजण भरते आणि हुपाशिया नावाच्या मर्त्य माणसाची मदत मागते. माझ्याबरोबर शय्यासोबत कर, ही त्याची अट ती मान्य करते. आमंत्रण मिळालेला सर्प पोराबाळांसह बिळातून वर येतो, रांजण कोरडे करतो आणि मग फुगल्या अंगाने बिळात शिरू शकत नाही. हुपाशिया त्याला दोराने बांधतो, देव येऊन मारतो. नंतर इनारा हुपाशियाला खडकावर बांधलेल्या घरात ठेवते आणि खिडकीबाहेर बघायचं नाही असं बजावते. वीस दिवसांनी तो बघतोच. बायकामुलं दिसतात, आणि तो घरी जाऊ दे म्हणून विनवू लागतो. पुढे पाटी फुटलेली आहे. देवीने त्याला ठार केलं असं काही अभ्यासक तिथे भरून घेतात. तो आधार मी घेणार नाही, कारण माझ्या मुद्द्याला त्याची कैद पुरेशी आहे.

दुसरी कथा अधिक कठोर आहे. इथे सर्पाने देवाचं हृदय आणि डोळे काढून नेले आहेत. देव एका गरिबाच्या मुलीशी लग्न करतो. तिचा मुलगा मोठा होऊन सर्पाच्या मुलीचा नवरा, म्हणजे त्या घरचा घरजावई होतो. बापाच्या सांगण्यावरून तो सासरी हृदय आणि डोळे मागतो, आणि सासर ते देतं. देव धडधाकट होऊन समुद्राकाठी लढायला उतरतो तेव्हा मुलगा सर्पाच्या बाजूला आहे. मलाही यातच धरा, माझी गय करू नका, असं तो वर आभाळाकडे बघून बापाला ओरडून सांगतो. बाप दोघांनाही मारतो. दोन्ही कथांत नात्याची रीत पाळतो तो सर्पच, एकदा पाहुणा म्हणून, एकदा सासरा म्हणून.

यावर कोणी म्हणेल, की खादाड राक्षसाला दारू पाजून फसवणं ही लोककथांची जुनी गंमत आहे; तिच्यात नीतीचा पेच कशाला शोधायचा? गंमत आहे, हे खरंच. हट्टुशातच मिळालेल्या हुरियन परंपरेच्या कथेत हेदाम्मू या समुद्रसर्पालाही देवी रूपाने आणि पेयाने भुलवते. पण कथेचा जो भाग आज शिल्लक आहे त्यात ती स्वतःच, आपल्या दासींसह जाते. हुपाशियासारखा कोणी मर्त्य मध्ये नाही. गंमत तेवढीच सांगायची असती तर खिडकीची गरज नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा पाऊसपाण्यासाठीच्या विधीचा पाठ, त्यावर आपली आजची हळहळ लादू नये. परंतु विधीला सर्पाचा मृत्यू पुरतो, जावयाची हाक लागत नाही. शिवाय शब्द मोडण्याचं भय हिटाइटांना चांगलंच ठाऊक होतं. इ. स. पू. चौदाव्या शतकातला राजा दुसरा मुर्शिली आपल्या प्रार्थनांत देशातल्या प्रदीर्घ साथीचं एक कारण देतो ते हेच, की वडिलांनी इजिप्तशी झालेला शपथेचा करार मोडला. त्या शपथेचा धनी होता हट्टी या हिटाइटांच्या देशाचा वादळदेव!

इंद्राचं नावही हट्टुशाच्या पाट्यांत आहे, मितन्नी राज्याशी झालेल्या तहाच्या साक्षीदार देवांमध्ये. त्यावरून कथांची उसनवारी सिद्ध होत नाही; इनारा ही तर हिटाइटांच्याही आधीच्या हट्टी लोकांची देवी. तरी आपल्याकडे नमुची असुराशी केलेला करार शब्दांच्या फटीतून मोडणाऱ्या इंद्राला नमुचीचं तुटलेलं मस्तक मित्रघाती म्हणतं, आणि वृत्रवधानंतर महाभारतातला इंद्र पापाच्या भयाने पाण्यात लपतो. म्हणजे इथे दोष मारणाऱ्याला चिकटतो. केल्लाचा वादळदेव मात्र कुठे लपत नाही, प्रायश्चित्त घेत नाही. इनारा आपलं घर आणि भूगर्भातल्या पाण्याची नदी राजाच्या हाती सोपवते, आणि आपण पहिली पुरुल्ली साजरी करतो ती यामुळे, असं केल्ला लगेच सांगतो. हुपाशियाच्या विनवणीनंतर पाटीवर, फुटलेला भाग ओलांडला की, पुढे येतं ते हे दान.