बिल म्हणतं ऑइल बदललं, डिपस्टिक काय म्हणते?

सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘इंजिन ऑइल बदलले’ असं छापलेलं असतं. बॉनेट उघडून खातरजमा करणारे थोडेच. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबावं. मग डिपस्टिक काढून फडक्याने पुसावी, परत घालून पाहावी. पेट्रोल गाडीतलं ताजं ऑइल मधाच्या रंगाचं दिसतं. डिझेलमध्ये ते लगेच काळवंडतं, तिथे रंगावरून मेकॅनिकला दोष देऊ नये.

स्वतः बदलायचं तर ग्रेड मॅन्युअलमधलीच हवी, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये!

वॉरंटीचं काय? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कारकंपन्यांना दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही तेव्हा बजावलं. ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेवावीत. काढलेलं ऑइल घातक कचरा आहे, ते गटारात ओतू नये.