खात्यात पैसे, घरात शांतता?

भंडारा जिल्ह्यात रोवणी संपली की हाताला काम कमी होतं, आणि धान विकून पैसे यायला दिवाळी उलटते. मधल्या काळात घरातली भांडणं कशावरून पेटतात, हे मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत बायकांना सांगावं लागत नाही.

2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात येतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लावलं. यामुळे मारहाण कमी होते का?

इक्वाडोरमध्ये 2011 साली गरीब कुटुंबांना रोख रक्कम, कूपन किंवा धान्य देऊन पाहिलं. तिन्ही प्रकारांत नवऱ्याकडून होणारी हिंसा घटली, कारण रोजच्या खर्चावरून होणारी तणतण कमी झाली. बांगलादेशचा अनुभव मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे मदतीसोबत बायकांच्या गटात आहाराविषयी नियमित बैठका झाल्या, काही बैठकांना सासू-नवऱ्यालाही बोलावलं. मदत थांबल्यावर सहा ते दहा महिन्यांनीही या घरांत शारीरिक हिंसा 26 टक्के कमी होती. नुसती मदत मिळालेल्या घरांत असा फरक टिकला नाही. बाई चारचौघींत मिसळू लागली, की तिच्यावर हात उचलणं लपत नाही.

म्हणून बचत गटाची बैठक चुकवू नका. पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवा. पैसे हिसकावून घेणं हाही 2005 च्या कायद्यानुसार कौटुंबिक हिंसाचारच आहे. मदतीसाठी 181 हा क्रमांक फिरवा.