रक्ताचे ऋण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक झालेले, आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलेले एक निवृत्त शिक्षक. वैद्यकशास्त्र हा आमचा अधिकार नव्हे. तथापि आमच्या हातून घडलेली एक चूक आपल्या घरी घडू नये, एवढ्यासाठीच चिटणीसांनी देऊ केलेली ही दहा मिनिटे आम्ही स्वीकारली.

आमचे चिरंजीव २२ वर्षांचे असताना त्यांनी कॉलेजच्या शिबिरात रक्त देण्याची परवानगी मागितली. "रक्त का रस्त्यावर पडले आहे?" असे म्हणून आम्ही त्यांना गप्प बसविले. पुढे सौभाग्यवतींच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. ते रक्त कोणाचे, हे आम्हास आजतागायत ठाऊक नाही. ते ऋण फेडावे म्हणून वयाच्या ६३ व्या वर्षी आम्ही रक्तपेढीत गेलो. "गुरुजी, यापूर्वी कधी रक्त दिले आहे काय?" डॉक्टरांनी विचारले. नाही म्हणताच त्यांनी हात जोडले. नित्य देणाऱ्यास ६५ व्या वर्षापर्यंत देता येते. परंतु प्रथमच देणाऱ्याचे वय ६० च्या वर असता कामा नये, असा नियम आहे.

आम्हास भीती तरी कशाची वाटत होती? प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर घेतात. त्यातील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी तीन महिन्यांनी व स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावे असे ठरविले आहे. वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असले पाहिजे. भगिनींपैकी कित्येकजणी या शेवटच्या अटीपाशी अडतात. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवण्याच्या रीतीचा त्यात बराच वाटा असावा, असे आम्हास वाटते. असो.

रक्ताचे गट १९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी उजेडात आणले. तांबड्या पेशीवर 'ए' किंवा 'बी' ही खूण असते; दोन्ही असल्यास 'एबी', एकही नसल्यास 'ओ'. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धची द्रव्ये आपल्या रक्तात असतात. म्हणून भलत्या गटाचे रक्त चढविल्यास पेशी फुटून प्राणावर बेतते. आर-एच घटकाचा, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा, शोध १९४० चा.

आता विशेष गोष्ट. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच गट जगापुढे मांडला. त्यास 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हेच नाव पडले. 'ए' आणि 'बी' या खुणा 'एच' नावाच्या पायावर उभ्या असतात. या लोकांत तो पायाच नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' असा दिसतो. परंतु 'ओ' रक्तात 'एच' भरपूर असल्यामुळे तेच त्यांना घातक ठरते. त्यांस त्यांच्याच गटाचे रक्त लागते, आणि असे लोक आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक!

हा गुण आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो. नात्यात लग्ने झाली की तसा योग वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या वाडवडिलांत होती. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या घरी असा एक निघेल, त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो गट असण्याचा संभव सामान्यतः चारांत एक असतो. हे गणित मात्र आमच्या अधिकारातले आहे! तेव्हा त्या भावंडांची तपासणी अवश्य करवावी, आणि ती साधी नव्हे तर रक्तपेढीतील पूर्ण तपासणी असावी.

सभा संपताच शेजारच्या दालनात रक्तपेढीची मंडळी बसणार आहेत. पहिले नाव आमच्या चिरंजीवांनी नोंदविले आहे. त्यांचे वय आता ४१. या खेपेस त्यांनी आमची परवानगी मागितली नाही. आमची नेमणूक चहाच्या किटलीपाशी झाली आहे.