सेवार्थीशी संवाद : एक शिक्षण
(समाजकार्य अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी कापडाचा व्यापारी. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे आम्ही दुकानाच्या गादीवर बसून शिकलो. परंतु आपला सेवार्थी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आमचा शब्द खटकला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. मदतीसाठी आलेल्या माणसाला बहुधा दुसरे दार नसते. तो अपमान गिळून बसून राहतो, अथवा खरे दुःख न सांगताच परततो. म्हणूनच संवादाचे रीतसर शिक्षण आवश्यक आहे.

सद्भावनेला प्रशिक्षणाची जोड हवी, या विचाराने मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. अमेरिकेतील फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात सेवार्थीशी असलेल्या नात्याची सात तत्त्वे मांडली. स्वीकार, दोषारोप न करणे, गोपनीयता आणि सेवार्थीचा स्वनिर्णयाचा अधिकार ही त्यांपैकी चार होत.

तथापि तत्त्वे पाठ केल्याने जिभेला वळण लागत नाही. त्यासाठी वर्गात एकाने सेवार्थी व्हावे, दुसऱ्याने कार्यकर्ता आणि तिसऱ्याने निरीक्षक. क्षेत्रकार्यात भेटीनंतर संभाषण शक्य तितके जसेच्या तसे लिहून मार्गदर्शकांना दाखवावे. आपण कोठे घाई केली, कोठे मध्येच बोललो, हे कागदावर स्पष्ट दिसते.

एक साधे उदाहरण पाहा. क्षयरोग्याला “औषधे वेळेवर घेता ना?” असे विचारले, तर भीतीपोटी “हो” असे उत्तर येईल. “दिवसभरात औषधे कशी घेता?” असे विचारले, तर उपाशीपोटी गोळ्या सोसवत नाहीत, ही अडचण कदाचित बाहेर येईल. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले असते. दुसऱ्यात माणसाला बोलण्यास वाव मिळतो.

व्यापाऱ्याच्या बोलण्याचा शेवट विक्रीत होतो. आपल्या संवादाचा शेवट मात्र समोरच्याने स्वतः घेतलेल्या निर्णयात व्हावा. मदतीचे अर्ज स्वीकारण्यास बसणाऱ्या आम्हा विश्वस्तांनीही हे आपणाकडून शिकावे, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.