भिंत बांधली, पूर गेला कुठे?





माळशेजच्या डोंगरात पाऊस कोसळला,
की काळू नदी फुगते.
हेच पाणी पुढे उल्हास नदीला मिळतं.
वर काठाला चुकीची भिंत बांधली,
तर खालच्या गावाला भोगावं लागतं.

एवढं ध्यानात ठेवा.
भिंत पूर संपवत नाही,
पूर पुढे ढकलते.

(विराम)

मुंबईची मिठी नदी पाहा.
२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर
तिचं पात्र रुंद केलं, काठांना भिंती घातल्या.
तरीही मोठ्या पावसात
कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना हलवावं लागतं.
२०२५ मध्ये, गाळ काढण्याच्या कामात
घोटाळा झाल्याच्या आरोपावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला.
आरोप सिद्ध होतील तेव्हा होतील.
पण प्रश्न विचारायला कुणाची हरकत?

(विराम)

तुमच्या नदीवर भिंतीचं काम निघालं,
तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा.

पहिला, नदीची पूररेषा आखली आहे का?
दुसरा, अडवलेलं पाणी जाणार कुठे?
तिसरा, भिंतीमागची जमीन कुणाच्या फायद्याची?

तिसरा प्रश्न विसरू नका.
कधी कधी भिंत आधी येते,
मग भराव येतो,
आणि मागोमाग प्लॉट पडतात.
नदीला पसरायला जागाच उरत नाही.

उत्तर मिळालं नाही,
तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.
आराखडा मागा, अंदाजपत्रक मागा.

पुन्हा सांगतो, मंडळी.
भिंत पूर संपवत नाही,
पूर पुढे ढकलते.