'कॉल ऑफ' लिहिलं आणि इंटरव्ह्यूच गेला

आज माझीच फजिती सांगतो. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत सोमवारी इंटरव्ह्यू होता आणि नेमका त्याच दिवशी माझा पेपर. मी मेल टाकला, 'प्लीज कॉल ऑफ माय इंटरव्ह्यू.' मला म्हणायचं होतं, तारीख पुढे ढकला. तासाभरात उत्तर आलं, इंटरव्ह्यू रद्द केलाय, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं. पुढे ढकलणं म्हणजे पुट ऑफ. दोन्हीकडे 'ऑफ' आहे, तिथेच मी गंडलो. शाळेत यादी पाठ केली होती, वाक्यात कधी वापरलीच नव्हती.

खरं तर ही भानगड आपल्याला नवी नाही. आपण म्हणतोच की, लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून ठेव. लिहिणं एकच, पण शेपटाला लागलेला शब्द अर्थ फिरवतो. 'लिहून काढ' म्हटल्यावर कुणी काही बाहेर काढत नाही ना? इंग्रजीत हेच काम अप, ऑफ, इन, आउट करतात. मराठीचं व्याकरण १८३६ साली आणणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे आपल्या नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते. माझा मेल त्यांना दाखवायला हवा होता!

तक्रार अर्जात 'प्लीज लुक आफ्टर माय कम्प्लेंट' असंही मी पाहिलंय. म्हणजे माझ्या तक्रारीचा नीट सांभाळ करा. ऑफिसवाले तो करतातच, फायलीत. चौकशी हवी असेल तर 'लुक इनटू' लिहा. फॉर्म आपण सगळे 'फिल अप' करतो, इथे कुणी अडवत नाही. बाहेरच्या युनिव्हर्सिटीच्या मेलमध्ये मात्र 'फिल इन' किंवा 'फिल आउट' दिसेल.

आणि हो, 'इट' आलं की ते मधे बसतं. 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' नाही. पण 'लुक इनटू' फुटत नाही, तिथे 'लुक इनटू इट'च.

त्या कंपनीला मी परत मेल केलाय. या वेळी सरळ 'पोस्टपोन' लिहिलं, उगाच रिस्क नको. शेवटी, 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' हिअर नाही हं, हिअरिंग. उत्तर अजून आलेलं नाही.