वर्गाविना वस्तू

संगणकाच्या आज्ञावलीत ‘वस्तू’ घडवायची तर आधी तिचा ‘वर्ग’, म्हणजे साचा, रचावा, ही रीत १९६७ च्या ‘सिम्युला’ भाषेने घालून दिली. पण साच्यावाचूनही वस्तू घडते. बँकेतील खाते उघडणारे एक फंक्शन कल्पा. त्याच्या पोटात शिल्लक ठेवा आणि पैसे भरणारे नि पैसे काढणारे अशी दोन लहान फंक्शने त्यातून बाहेर द्या. मोठ्याचे काम संपते. परंतु ही दोघे आपल्या जन्मस्थळीची शिल्लक विसरत नाहीत, आणि त्यांच्यावाचून इतर कोणाचा हात तिला लागत नाही. या बांधणीला ‘क्लोजर’ हे नाव पीटर लँडिन यांनी १९६४ साली दिले.

१९७५ साली एमआयटीमध्ये सस्मन आणि स्टील यांनी ‘स्कीम’ भाषा रचताना फंक्शने आणि निरोप स्वीकारणारे ‘अ‍ॅक्टर’ यांची वेगवेगळी सोय केली. मागाहून पाहतात तो दोहोंची आतली रचना एकच!

तरी खर्च आहेच. दर खात्यामागे फंक्शनांची नवी जोडी जन्मते आणि प्रत्येक जोडी स्मृतीत जागा अडवते. खाती लाखांनी असली, की मीही मुकाट्याने वर्गाकडे वळतो.